‘प्रतिमा नव्हे अथवा बिघडलेली प्रतिमा’ : प्रतिमा-फाईलच्या वैधता-तपासणीतील एका त्रुटिसंदेशाची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या वाक्याला कोणी वाङ्मय म्हणत नाही. तरीही ते वाक्य कोणीतरी लिहिलेले असते, कोणाला तरी उद्देशून असते, आणि वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवून पुढील कृती करावी अशी अपेक्षा त्यामागे असते. एवढे असले की ते चिकित्सेस पात्र ठरते. जाहिरातीची भाषा, वृत्तपत्राची भाषा, प्रशासनाची भाषा यांचा विचार मराठीत होत आला आहे. ज्या वाक्यामुळे विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज अडतो, त्या त्रुटिसंदेशाच्या भाषेकडे मात्र संगणकशास्त्राचे प्राध्यापक ‘हा भाषेचा विषय’ म्हणून पाहतात आणि भाषेचे प्राध्यापक ‘हा तांत्रिक विषय’ म्हणून सोडून देतात. मधल्या मध्ये विद्यार्थी राहतो.

प्रस्तुत लेखात अशा एकाच वाक्याचा विचार केला आहे. ‘जँगो’ हे पायथन भाषेतील, संकेतस्थळे उभारण्यासाठीचे मुक्तस्रोत फ्रेमवर्क होय. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली त्याचे काम सुरू झाले आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. या फ्रेमवर्कमध्ये प्रतिमा स्वीकारणारे ‘इमेजफील्ड’ नावाचे एक तयार क्षेत्र आहे. त्यात दिलेली फाईल स्वीकारता आली नाही की एक इंग्रजी संदेश दिसतो. त्याचा आशय असा : वैध प्रतिमा अपलोड करा, आपण अपलोड केलेली फाईल एक तर प्रतिमा नव्हती किंवा ती बिघडलेली प्रतिमा होती. २००८ साली आलेल्या १.० या आवृत्तीत हे वाक्य होते आणि आजही ते आहे. या दीर्घ काळात त्यामागील आज्ञावली मात्र बदलली. वाक्य आणि आज्ञावली यांच्यात पडलेले हे अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

विकल्पाची रचना :

या संदेशाची व्याकरणिक रचना विकल्पाची आहे. ‘एक तर हे, किंवा ते.’ अशा रचनेत तिसऱ्या शक्यतेला जागा नसते. शिवाय दोन्ही विकल्पांचा कर्ता फाईल आहे, आणि ती फाईल ‘आपण अपलोड केलेली’ आहे. म्हणजे दोष फाईलीचा व पर्यायाने ती देणाऱ्याचा, एवढे या वाक्याने आधीच ठरवून टाकले आहे. तपासणाऱ्या यंत्रणेचा उल्लेख वाक्यात कोठेही नाही. न्यायाधीश स्वतः निकालपत्रात दिसत नाही, हे न्यायालयात शोभते. येथे ते शोभते काय, हे आज्ञावली वाचूनच ठरवावे लागेल.

ती आज्ञावली अल्पाक्षरी आहे. इमेजफील्ड आलेली फाईल ‘पिलो’ या लायब्ररीच्या स्वाधीन करते. पिलो ही जुन्या पायथन इमेजिंग लायब्ररीपासून २०१० साली फुटलेली शाखा होय. पिलोचे ‘ओपन’ हे फंक्शन फाईलच्या आरंभीचे बाइट पाहून स्वरूप ओळखते आणि शीर्षभाग वाचते. त्यानंतर ‘व्हेरिफाय’ ही पद्धत बोलावली जाते. या दोन पायऱ्यांपैकी कोठेही, कोणत्याही प्रकारचे एक्सेप्शन उद्भवले, तर जँगो ते पकडते आणि वरील एकच वाक्य पुढे करते. ‘कोणत्याही प्रकारचे’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. पकडणाऱ्या ओळीत ‘एक्सेप्शन’ हा सर्वसमावेशक वर्ग लिहिलेला आहे. पायथनमध्ये स्मृती अपुरी पडल्याचे एक्सेप्शनही त्याच वर्गाखाली येते. सर्व्हरची स्मृती संपली तरी विद्यार्थ्याला सांगितले जाणार की तुमची प्रतिमा बिघडलेली आहे.

मूळ एक्सेप्शन पूर्णपणे नाहीसे होते असे मात्र नाही. नव्या आवृत्त्यांत ते ‘कारण’ म्हणून नव्या एक्सेप्शनला जोडलेले असते. पण फॉर्मची यंत्रणा ते नवे एक्सेप्शन मध्येच अडवते आणि केवळ संदेश पडद्यावर पाठवते. त्यामुळे हे कारण आपोआप सर्व्हरच्या नोंदवहीत उतरत नाही. माहिती जवळ आहे आणि ती कोणालाच सांगितली जात नाही, असा हा प्रकार आहे. वापरणाऱ्याला न सांगण्याची काही कारणे देता येतील. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही न सांगण्याचे समर्थन कसे करावे, हे समजत नाही.

२०१२ चा बदल :

या वाक्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची तारीख ३० जुलै २०१२ ही होय. त्या दिवशी जँगोच्या १.३.२ आणि १.४.१ या सुरक्षा-आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. त्यापूर्वी इमेजफील्ड ‘व्हेरिफाय’बरोबर ‘लोड’ ही पद्धतही बोलावत असे. लोड म्हणजे संपूर्ण प्रतिमा उलगडून तिचा पिक्सेल-पिक्सेल स्मृतीत आणणे. त्या वेळच्या आज्ञावलीत एक टीप होती, तिचा आशय असा की अर्धवट तुटलेले जेपेग केवळ लोडमुळे पकडता येते आणि खराब पीएनजी केवळ व्हेरिफायमुळे. म्हणून दोन्ही हवेत. टीप प्रामाणिक होती आणि तपासणीही त्या टीपेला जागणारी होती.

अडचण अशी की लोड महाग आहे. एकाच रंगाने भरलेली २०,००० गुणिले २०,००० पिक्सेलची पीएनजी प्रतिमा संकुचित रूपात अत्यंत लहान असू शकते. पण उलगडल्यावर तिचे ४० कोटी पिक्सेल होतात, आणि प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर १२० कोटी बाइट स्मृती लागते. अशा मोजक्या फाईली एकाच वेळी पाठविल्या की सर्व्हर बसलाच. हा धोका ओळखून लोड काढून टाकण्यात आले आणि आज्ञावलीतील टीपही बदलली. लोडमुळे तुटलेले जेपेग सापडू शकते, परंतु ते सारी प्रतिमा स्मृतीत आणते व त्यामुळे सेवा बंद पाडण्यास वाट मिळते, अशा अर्थाची नवी टीप तेथे आली. निर्णय योग्य होता. एका कोपऱ्यातील अचूकतेसाठी साऱ्या संकेतस्थळाला वेठीस धरता येत नाही.

मात्र संदेश तोच राहिला. ज्या दिवशी लोड गेले त्या दिवशी ‘बिघडलेली प्रतिमा’ या शब्दांचा अर्थ आक्रसला, आणि याची वार्ता वाक्याला लागली नाही. तेव्हापासून तुटलेले जेपेग ही तपासणी निमूटपणे ओलांडते. पेनड्राईव्ह घाईने काढल्यामुळे अर्धीच उतरलेली फाईल विद्यार्थी अपलोड करतो. शीर्षभाग शाबूत असल्यामुळे अर्ज ‘यशस्वी’ होतो. पुढे प्रवेशपत्र छापताना चेहऱ्याचा खालचा भाग करड्या पट्ट्याने झाकलेला निघतो, किंवा लघुप्रतिमा तयार करणारी आज्ञावली त्या ठिकाणी कोसळते. पिलो तेव्हा प्रतिमा-फाईल तुटलेली असल्याचे स्पष्ट सांगते, पण ते ऐकायला विद्यार्थी तेथे नसतो. जी फाईल खरोखर बिघडलेली आहे तिला हे वाक्य लागू होत नाही, आणि जी बिघडलेली नाही तिला लागू होते, अशी उलटापालट येथे झालेली आहे. उत्तरार्धाचा पुरावा पुढे येईल.

पीएनजी व जेपेग यांच्यातील भेद :

एकच ‘व्हेरिफाय’ पीएनजीच्या बाबतीत काम करते आणि जेपेगच्या बाबतीत जवळजवळ नाही, असे का व्हावे? याचे उत्तर पायथनमध्ये नाही. ते या दोन स्वरूपांच्या घडणीत आहे. वर्गात सांगण्याजोगा हा भाग पाठ्यक्रमात बहुधा दोन ओळींत उरकला जातो, म्हणून त्याचा थोडा विस्तार येथे केला आहे.

पीएनजी फाईलच्या आरंभी आठ बाइटांची खूण असते. दशमान अंकांत ती १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० अशी आहे. यातील ८०, ७८ आणि ७१ ही तीन अक्षरे स्वरूपाचे नाव सांगतात. बाकीचे पाच अंक शोभेचे नाहीत. पहिला १३७ मुद्दाम १२७ पेक्षा मोठा ठेवला आहे, जेणेकरून सात बिटांच्याच वाटेने फाईल गेली तर तो बदलेल आणि बिघाड उघड होईल. १३ व १० ही ओळ संपविणारी जोडी आहे. फाईल ‘मजकूर’ समजून पाठविणाऱ्या यंत्रणा ही जोडी बदलतात, आणि बदलली की खूण मोडते. २६ मुळे डॉस प्रणालीत फाईल चुकून मजकूर म्हणून छापली तर छपाई तेथेच थांबते. शेवटचा एकटा १० उलट दिशेचा बदल पकडतो. त्यापुढे फाईलचे खंड असतात आणि प्रत्येक खंडामागे चार बाइटांची पडताळणी-बेरीज असते. म्हणून पीएनजीची तपासणी चित्र न उलगडताही करता येते. बेरीज जुळते की नाही एवढेच पाहायचे. बिघाड होणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि त्या दृष्टीने ती वाचली की तिच्याविषयी आदर वाटतो.

जेपेगचा आरंभ २५५, २१६, २५५ असा होतो. त्यात पीएनजीसारखी खंडागणिक पडताळणी-बेरीज नाही. चित्राची माहिती अखंड प्रवाहासारखी येते. ती मध्येच संपली आहे हे कळण्यासाठी प्रवाहाच्या काठाने शेवटपर्यंत चालावेच लागते. हे चालणे म्हणजेच लोड. साहजिकच पिलोमध्ये जेपेगसाठी व्हेरिफायला करण्यासारखे काही उरत नाही. जी काही पारख होते ती ओपनच्या वेळी शीर्षभागापुरतीच.

उलट बाजूने, पीएनजीची खूण बरोबर असली म्हणजे फाईल निर्दोष ठरते असेही नाही. वैध पीएनजी शीर्षभागानंतर घातक एचटीएमएल मजकूर जोडलेली फाईल या तपासणीतून निभावून जाऊ शकते, अशी स्पष्ट सूचना जँगोच्याच सुरक्षाविषयक मार्गदर्शनात दिलेली आहे. म्हणजे ज्या ‘वैध’ शब्दाने संदेश सुरू होतो, त्याची हमी देण्यास निर्माते स्वतःच तयार नाहीत. मार्गदर्शनाचे हे पान आणि संदेशाचे ते वाक्य एकमेकांना भेटलेले दिसत नाहीत.

वाक्यात न मावणारी कारणे :

आता ज्या फाईली प्रतिमा आहेत, बिघडलेल्याही नाहीत, आणि तरीही नाकारल्या जातात त्यांच्याकडे वळता येईल.

पहिले उदाहरण आयफोनचे. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून नव्या आयफोनवर छायाचित्रे एचईआयसी या स्वरूपात साठविली जाऊ लागली. असे छायाचित्र संगणकावर उतरवून तेथून अपलोड केले की पिलो, वेगळी जोड बसविलेली नसेल तर, ते ओळखत नाही. विद्यार्थ्याला वाक्य दिसते : प्रतिमा नव्हे, किंवा बिघडलेली. तो फोनवर पाहतो, फोटो उत्तम दिसतो. पुन्हा काढतो, तेच. शेवटी सायबर कॅफेवाला ‘स्क्रीनशॉट काढून टाका’ असा उपाय सुचवितो आणि काम होते. उपाय लागू पडला, पण का लागू पडला हे दोघांनाही कळत नाही; आणि प्रतिमेची गुणवत्ता मात्र घसरते.

येथे जँगोच्या अंतर्गत क्रमाचा एक दोष लक्षात घेण्याजोगा आहे. २०१७ साली, १.११ या आवृत्तीपासून, फाईलच्या नावातील विस्तार तपासणारी आणखी एक पायरी इमेजफील्डला जोडण्यात आली. तिचा संदेश पुष्कळ चांगला आहे. हा विस्तार चालत नाही, चालणारे विस्तार हे, असे तो नावानिशी सांगतो. परंतु फॉर्ममधील क्रमानुसार आधी आशयाचे रूपांतर होते आणि नंतर या तपासण्या चालतात. एचईआयसी फाईल आशयाच्या पायरीवरच अडखळते. त्यामुळे तिच्या वाट्याला हा स्पष्ट संदेश कधी येतच नाही. नेमके बोलणारा साक्षीदार दाराबाहेर बसून राहतो आणि मोघम बोलणाऱ्याची साक्ष नोंदवून खटला निकाली निघतो.

आणखी एक विसंगती याच पायरीत आहे. चालणाऱ्या विस्तारांची यादी पिलोला ठाऊक असलेल्या सर्व विस्तारांवरून तयार होते. पिलो प्रतिमांपासून पीडीएफ लिहू शकते, म्हणून ‘पीडीएफ’ही त्या यादीत येतो; परंतु पिलो पीडीएफ वाचत मात्र नाही. एखाद्याने चांगल्या छायाचित्राच्या नावामागे चुकीचा विस्तार लावला तर यादी दिसते, यादीत पीडीएफ दिसते. त्या भरवशावर त्याने पीडीएफ दिली तर उत्तर येते की ही प्रतिमा नव्हे. शासकीय कार्यालयातील दोन खिडक्यांची आठवण यावी असा हा प्रसंग आहे.

दुसरे उदाहरण मोठ्या छायाचित्राचे. वर उल्लेखिलेला उलगडण्याचा धोका टाळण्यासाठी पिलोने स्वतःची मर्यादा ठेवली आहे. ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर गेल्यास ती इशारा देते. त्याच्या दुप्पट, म्हणजे १७,८९,५६,९७० च्या वर गेल्यास एक्सेप्शन उद्भवते. २० कोटी पिक्सेलची छायाचित्रे काढणारे फोन आता बाजारात आहेत. अशा फोनवर पूर्ण क्षमतेने काढलेला फोटो ही दुसरी मर्यादा ओलांडतो. पिलो नेमके कारण सांगते, जँगो ते गिळते, आणि विद्यार्थ्याला पुन्हा तेच वाक्य मिळते. ‘फोटो फार मोठा आहे’ असे सांगणारी तपासणी महाविद्यालयाच्या आज्ञावलीत लिहिलेली असली तरी ती बहुधा नंतरच्या पायरीवर असते, त्यामुळे तिची पाळी येत नाही.

तिसरे उदाहरण जुने असले तरी बोधप्रद आहे. लोड वापरात होते त्या काळात सर्व्हरवर जेपेग उलगडणारी लायब्ररी बसविलेली नसेल, तर जगातील प्रत्येक जेपेग ‘बिघडलेले’ ठरत असे. बिघाड शंभर टक्के यंत्रणेचा, आणि वाक्य मात्र शंभर टक्के फाईलीविरुद्ध. आज्ञावली लिहिणारे स्वतःच या वाक्याने फसत आणि फाईली बदलून बदलून पाहत. २०१५ मधील पिलो ३.० पासून ही लायब्ररी नसल्यास पिलोची बांधणीच अडते, त्यामुळे हा प्रकार मागे पडला. वाक्याने येथेही काही मदत केली नाही. दुरुस्ती अन्यत्र झाली.

पीएचपीशी तुलना :

पीएचपी ही भाषा अपलोडच्या बाबतीत अधिक विश्लेषक आहे. प्रत्येक अपलोडसोबत ती एक संकेतांक देते : शून्य म्हणजे ठीक, १ म्हणजे सर्व्हरची आकारमर्यादा ओलांडली, २ म्हणजे फॉर्मची, ३ म्हणजे फाईल अर्धवट आली, ४ म्हणजे फाईल आलीच नाही, ६ म्हणजे तात्पुरते फोल्डर नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आले नाही, ८ म्हणजे एखाद्या जोडणीने थांबविले. मध्ये ५ नाही, हे कुतूहलाचे असले तरी येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की ६ आणि ७ या अंकांत यंत्रणा स्वतःचा दोष कबूल करते. जँगोच्या वाक्यात अशा कबुलीला व्याकरणच नाही.

तथापि पीएचपीचीही स्तुती एका मर्यादेपर्यंतच करता येईल. अपलोडची एकूण मर्यादा ओलांडली गेली तर संकेतांकही मिळत नाही. फॉर्ममधील सर्व माहितीच रिकामी होते आणि नाव-पत्ता भरलेल्या विद्यार्थ्याला ‘नाव भरा’ असे सांगितले जाते. तसेच, फाईलचा प्रकार म्हणून जी माहिती पीएचपी पुढे करते ती ब्राउझरने पाठविलेली असते, तपासलेली नसते. इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात हा ब्राउझर जेपेगला ‘पीजेपेग’ अशा वेगळ्या नावाने पाठवीत असे. म्हणून जुन्या पाठांमध्ये दोन्ही नावांची अट लिहिलेली आढळते. तो ब्राउझर इतिहासजमा झाला, अट मात्र वह्यांतून वह्यांत उतरत राहिली. ‘गेटइमेजसाइझ’ या फंक्शनचा वापर फाईल वैध प्रतिमा आहे की नाही हे ठरविण्यासाठी करू नये, अशी सूचना पीएचपीच्या माहितीपुस्तिकेतच आहे. तरी प्रात्यक्षिकांमध्ये तोच वापर सर्रास दिसतो.

अर्जाच्या फॉर्मवर :

हा सारा तपशील तांत्रिक वाटला तरी त्याचा भार कोणावर पडतो हे प्राध्यापकांना ठाऊक आहे. अंतिम तारखेच्या संध्याकाळी कार्यालयासमोर फोन घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला ‘तुमची फाईल बिघडलेली आहे’ असे वाचायला मिळाले की ती फाईलीलाच दोष देते. गावाकडून आलेली असेल तर फोटो स्टुडिओपर्यंतची फेरी, नवीन फोटोचे पैसे आणि एक दिवस, अशी त्या वाक्याची किंमत असते.

आपल्याकडील अर्जांत आणखी दोन अडथळे सामान्यतः असतात. फोटो ५० केबीच्या आत हवा अशी अट असते. केबी म्हणजे १,००० बाइट की १,०२४, हे अट सांगत नाही. ५०,५०० बाइटांची फाईल विंडोजच्या हिशेबाने ४९.३ केबी आहे. आज्ञावलीत ५०,००० लिहिले असेल तर ती नाकारली जाईल आणि विद्यार्थी पडद्यावरील दोन आकड्यांकडे पाहत बसेल. दुसरा अडथळा उभ्या-आडव्याचा. फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा फाईलमध्ये आडवाच साठविला जातो आणि ‘दाखविताना फिरवा’ अशी एक नोंद सोबत ठेवली जाते. फोनचा पडदा ती नोंद वाचतो. ‘उंची रुंदीपेक्षा जास्त हवी’ असे तपासणारी साधी आज्ञावली ती वाचत नाही, आणि डोळ्यांना उभा दिसणारा फोटो आडवा म्हणून परत करते. येथेही दोष फोटोचा नसून वाचनाचा आहे.

आक्षेप आणि पर्याय :

वरील टीकेवर सुरक्षेच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. मोघम संदेश हेतुपुरस्सर असतो. अधिक सांगितले तर हल्लेखोराला मदत होते. प्रवेशशब्दाच्या बाबतीत हा युक्तिवाद निःसंशय योग्य आहे. ‘वापरकर्त्याचे नाव बरोबर, पासवर्ड चूक’ असे सांगू नये. परंतु प्रतिमेच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण जँगो आणि पिलो या दोहोंची आज्ञावली जगाला खुली आहे. एचईआयसी चालत नाही किंवा पिक्सेलची मर्यादा अमुक आहे, हे हल्लेखोर आधीच वाचून आलेला असतो. मोघमपणाने तो अडत नाही. अडते ती अर्ज भरणारी मुलगी. सर्व्हरवरील मार्ग, फोल्डरची नावे, एक्सेप्शनचा पूर्ण मजकूर या गोष्टी पडद्यावर येऊ नयेत, एवढा भाग त्या आक्षेपातून स्वीकारावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : फ्रेमवर्कने सर्वांसाठी एकच सर्वसाधारण वाक्य द्यावे आणि नेमकेपणा ज्याने त्याने आणावा. हे खरेच आहे. जँगोमध्ये हा संदेश बदलण्याची सोय पहिल्यापासून आहे. म्हणून जबाबदारीचा मोठा हिस्सा आपल्याकडे, म्हणजे जे हे वापरतात आणि शिकवितात त्यांच्याकडे येतो. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अपलोडचा प्रयोग ‘चालला’ की गुण दिले जातात. न चालल्यावर तो काय बोलला, हे परीक्षक क्वचितच पाहतात.

दोष शोधण्याची पद्धत अवघड नाही. ज्या फाईलीवर हे वाक्य आले ती फाईल पायथनच्या शेलमध्ये घेऊन पिलोच्या ओपनने थेट उघडावी आणि लोड करून पाहावी. स्वरूप ओळखता न येणे, पीएनजी मोडलेली असणे, पिक्सेलची मर्यादा ओलांडणे, फाईल तुटलेली असणे, ही कारणे तेथे वेगवेगळ्या शब्दांत समोर येतात. स्वरूप न ओळखल्याचे वेगळे एक्सेप्शन तर जानेवारी २०२० मधील पिलो ७.० पासून स्वतंत्र नावानेच मिळते. शेलमध्ये सर्व ठीक असेल आणि फॉर्ममध्ये नसेल, तर फाईलीला सोडून आपल्या आज्ञावलीकडे वळावे. अपलोड झालेली फाईल एकदा संपूर्ण वाचली की वाचनस्थान शेवटी जाऊन थांबते. मागे न आणता पुन्हा वाचली तर शून्य बाइट हाती येतात आणि शून्य बाइटांची प्रतिमा कोणालाही ओळखता येणार नाही. व्हेरिफाय झाल्यावर तीच प्रतिमा वापरायची असेल तर फाईल पुन्हा उघडावी लागते, हेही विद्यार्थी हमखास विसरतात. आणि फॉर्मच्या टॅगमध्ये बहुखंडी पाठवणीचा प्रकार लिहावयाचा राहिला असेल, तर फाईलीऐवजी नुसते तिचे नाव सर्व्हरवर पोहोचते. तेव्हा ‘हे क्षेत्र आवश्यक आहे’ असे उत्तर मिळते, फाईल डोळ्यांसमोर निवडलेली असूनही.

तुटलेल्या जेपेगचा प्रश्न २०१२ मध्ये सोडून द्यावा लागला, पण आज तो तसाच ठेवण्याची गरज नाही. ओपन केल्याबरोबर, चित्र न उलगडता, रुंदी व उंची कळते. त्यांचा गुणाकार आपल्या गरजेच्या मर्यादेत आहे का हे आधी पाहावे आणि असेल तरच लोड करावे. पासपोर्ट आकाराच्या फोटोसाठी ५० लाख पिक्सेलची मर्यादाही उदार ठरेल, आणि तेवढे उलगडण्याने सर्व्हर बसत नाही. सुरक्षेसाठी सोडलेली अचूकता अशा रीतीने बरीचशी परत मिळविता येते. एचईआयसीसाठीही पहिले बारा बाइट पुरेसे आहेत : पाचव्या ते आठव्या स्थानी या कुळातील फाईलींची ठरावीक खूण असते आणि पुढील चार बाइटांत उपप्रकार. एवढे पाहून ‘हा आयफोनच्या नव्या स्वरूपातील फोटो दिसतो, कृपया जेपेग करून द्यावा’ असे सांगता येते. ही तपासणी इमेजफील्डच्या आशय-पायरीच्या आधी ठेवावी लागेल, हे वर सांगितलेल्या क्रमावरून उघड आहे.

राहिला प्रश्न मराठी वाक्याचा. इंग्रजीतील ‘करप्टेड’ या विशेषणासाठी ‘भ्रष्ट’, ‘दूषित’ असे शब्द योजिले जातात. त्यांतील नैतिक छटा फाईलीला आणि फाईलीच्या मालकालाही चिकटते. ‘खराब’ हा शब्द साधा आहे, पण निर्णय तोही फाईलीविरुद्धच देतो. ज्या यंत्रणेला कारण ठाऊक नाही तिने कारण सांगू नये, आपली अडचण सांगावी. ‘ही फाईल आम्हाला वाचता आली नाही’ हे वाक्य त्या कसोटीस उतरते. त्यात कर्तेपणा वाचणाऱ्या यंत्रणेकडे आहे, आणि फाईल प्रतिमा आहे की नाही याविषयी ते काहीच म्हणत नाही. त्यापुढे चालणारी स्वरूपे सांगावीत, केबीची मर्यादा बाइटांत सांगावी, आणि यादी पिलोकडून न घेता आपण स्वतः लिहावी, म्हणजे तीत पीडीएफ येणार नाही.